काचेतले पाणी, पिंजऱ्यातली हवा

घरच्या टाकीतला मासा आणि घरच्या पिंजऱ्यातला पक्षी यांची शरीरे पूर्णपणे वेगळी असली, तरी त्यांच्या आजारांचे मूळ बहुतेकदा एकाच ठिकाणी सापडते. ते म्हणजे माणसाने त्यांना राहायला दिलेली जागा. नदीतल्या माशाची घाण प्रवाहाबरोबर निघून जाते, टाकीतल्या माशाला मात्र त्याच पाण्यात श्वास घ्यावा लागतो. रानातला पक्षी धूर दिसला की उडून जातो, पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तो मुकाट्याने सोसावा लागतो. त्यामुळे या जिवांच्या आरोग्याचा विचार औषधांच्या बाटल्यांपासून सुरू करण्यात अर्थ नाही. तो पाणी, हवा, अन्न आणि जागा यांपासूनच सुरू करावा लागतो.

काचेची टाकी आणायची, तळाशी वाळू पसरायची, नळाचे पाणी भरायचे आणि त्याच संध्याकाळी दहा-बारा मासे सोडायचे, हा प्रकार सर्रास चालतो. पहिले तीन-चार दिवस सगळे ठीक दिसते. मग मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, त्यांचे कल्ले भडक लाल दिसतात, पर मिटलेले राहतात आणि आठवडाभरात एकेक मासा मरू लागतो. दुकानदाराला दोष देऊन नवे मासे आणले जातात आणि तेही मरतात.

यामागे असतो अमोनिया. मासा आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत हे विष साठत नाही, कारण तिथे जीवाणूंची वसाहत झालेली असते. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरासारखे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच असते. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि ठरावीक दिवसांनी पाणी बदलले की काबूत राहते. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर आणि काचेवर चिकटून वाढतात. त्यांची वसाहत पुरेशी होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी स्वच्छ दिसली तरी ती माशांसाठी तयार झालेली नसते.

त्यामुळे नवी टाकी मासे न सोडता चालू ठेवावी, फिल्टर अखंड सुरू ठेवावा आणि जीवाणूंना अन्न मिळावे म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. माशांच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासण्याचे संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकले की टाकी तयार झाली असे समजावे. त्यानंतरही एकदम सगळे मासे आणू नयेत, दोन-चार करून वाढवावेत. ओळखीच्या कोणाची निरोगी माशांची जुनी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घालणे हा सर्वांत खात्रीचा जवळचा मार्ग आहे.

ही वसाहत नकळत मारण्याचे दोन हमखास मार्ग आहेत. पहिला म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुणे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माणसाला अपायकारक जंतू मारते, तसेच हे उपकारक जीवाणूही मारते. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळून काढावा. दुसरा मार्ग म्हणजे महिन्याकाठी सगळी टाकी रिकामी करून, वाळू घासून, पुन्हा ताज्या पाण्याने भरणे. हौशी घरांत ही दर महिन्याची साफसफाई मोठ्या मायेने होते आणि तीच माशांच्या जिवावर उठते. दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी सायफनच्या नळीने तळातली घाण ओढत काढावे आणि तेवढेच पाणी पुन्हा भरावे. याहून अधिक खटाटोप लागत नाही.

भरायचे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत ठेवले तर साधे क्लोरीन उडून जाते. क्लोरामाइन मात्र असे उडत नाही. घाई असेल किंवा पाण्याला औषधाचा उग्र वास येत असेल, तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरावेत. त्यांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. पावसाळ्यात पाणीपुरवठ्यात क्लोरीनची मात्रा अनेकदा वाढवलेली असते, तेव्हा ही काळजी अधिक घ्यावी. बोअरचे जड पाणी गप्पी आणि मॉली यांना मानवते. पाण्याचा पीएच मात्र ध्यानात ठेवावा लागतो. पीएच ७ वरून ८ वर गेला, तर त्याच अमोनियातला विषारी अंश सुमारे दहापट होतो. उन्हाळ्यात दुहेरी अडचण होते. तापमान वाढले की अमोनियाचा विषारीपणा वाढतो आणि पाण्यात मावणारा ऑक्सिजन कमी होतो. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात टाकी खिडकीपासून दूर हलवावी, एअर पंप चालू ठेवावा आणि गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी. भारनियमन असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावाच.

टाकीचा आकार हा प्रश्न दिखाव्यापुरता नाही. पाणी जितके जास्त, तितके विष विरळ आणि तापमान स्थिर. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी राहते आणि नवशिक्यासाठी ही टाकी लहान गोल भांड्यापेक्षा कितीतरी सोपी पडते. काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश हे चित्र सिनेमा-जाहिरातींनी घरोघर पोहोचवले, पण ते माशाच्या दृष्टीने क्रूर आहे. गोल्डफिश हा चीनमध्ये हजारभर वर्षांपूर्वीपासून निवडीने पैदास करत आणलेला कार्प कुळातला मासा आहे. तो सहज वीतभर वाढतो, खूप घाण करतो आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. भांड्यात तो काही महिन्यांत संपतो आणि 'माशांचे आयुष्यच तेवढे' असा समज पक्का होतो. फायटर माशाचेही तसेच. त्याच्या डोक्यात हवेतला ऑक्सिजन घेणारा एक वेगळा अवयव असतो, म्हणून तो पेलाभर पाण्यात तग धरतो. तग धरणे आणि निरोगी राहणे यांत फरक आहे. एका फायटरला निदान १५-२० लिटर पाणी, २५ ते २८ अंश तापमान आणि मंद प्रवाहाचा फिल्टर हवा. दोन नर फायटर मात्र एका टाकीत कधीच ठेवू नयेत.

वास्तुशास्त्राच्या नावाखाली घेतला जाणारा अरोवाना हा तर घरगुती टाकीचा मासाच नव्हे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला चंदेरी अरोवाना जवळजवळ तीन फूट वाढतो. बोटभर पिल्लू विकताना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. माशांचे खाणे पाहण्यात घरातल्या प्रत्येकाला आनंद वाटतो, म्हणून आजी, आजोबा, मुले असे सगळेच चिमूटचिमूट टाकतात आणि दिवसाची मात्रा चौपट होते. खाण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे. निरोगी प्रौढ मासे दोन-तीन दिवस खाद्याविना आरामात राहतात, त्यामुळे लहान सहलीला जाताना भरमसाट खाद्य टाकून जाण्यापेक्षा काहीच न टाकलेले बरे.

आता आजारांकडे. टाकीतला सर्वांत ओळखीचा आजार म्हणजे 'इक' अथवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. माशाच्या अंगावर, परांवर मिठाचे कण पेरल्यासारखे दिसतात आणि मासा दगडाला अंग घासत राहतो. इक्थिऑफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी त्याला कारण असतो. त्याचे जीवनचक्र समजले नाही तर औषध फुकट जाते. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली शिरून पोसत असलेला परजीवी. तिथे त्याला औषध पोहोचत नाही. पुरेसा वाढला की तो गळून तळाशी जातो, भोवती कवच करतो आणि आत विभागत शेकडो नवे जीव तयार करतो. कवचातही तो सुरक्षित असतो. कवच फुटून ही पिले पाण्यात पोहू लागतात आणि दोनएक दिवसांत त्यांना मासा सापडला नाही तर मरतात. औषधाचा घाव बसतो तो फक्त या पोहत्या अवस्थेवर.

यावरून उपचाराची रीत आपोआप ठरते. पाण्याचे तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत नेले की परजीवीचे चक्र भरभर फिरते आणि तो लवकर उघड्यावर येतो. तापमान चढवताना एअर पंप जोरात चालवावा. औषध बाटलीवरच्या मात्रेत द्यावे आणि त्या काळात फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. ठिपके दिसेनासे झाले म्हणून उपचार लगेच थांबवू नयेत. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी तळाशी कवचात बसले आहेत, एवढाच असू शकतो. त्यानंतरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावेत. पावसाळ्यात आणि थंडीत तापमान एकदम खाली-वर झाले की हा रोग हमखास डोके वर काढतो, म्हणून साधा हीटर हे उत्तम प्रतिबंधक ठरते.

परांच्या कडा झिजून फाटणे हा बहुधा खराब पाण्याचा आणि त्यामागून येणाऱ्या जीवाणूंचा परिणाम असतो. पाणी सुधारले की अनेकदा पर पुन्हा वाढतात. पोट फुगून खवले उभे राहिले, तर आतले अवयव निकामी होत असल्याचे ते लक्षण असते आणि मासा क्वचितच वाचतो. कोणतेही लक्षण दिसले की आधी पाणी तपासावे, मग औषधाचा विचार करावा. दिसेल ते प्रतिजैविक टाकीत ओतले तर फिल्टरमधले जीवाणूही मरू शकतात आणि मूळ आजारात अमोनियाची भर पडते.

रोग बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर घरात येतो. दुकानातून आणलेला मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून पाहणे ही सवय अनेकांना जाचक वाटते, पण एवढ्या एका सवयीने जेवढे मासे वाचतात तेवढे कोणत्याही औषधाने वाचत नाहीत. दुकानाच्या पिशवीतले पाणी आपल्या टाकीत ओतू नये.

नकोसा झालेला मासा तळ्यात किंवा नदीत सोडणे हा दयेचा मार्ग नाही. शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच मोकळ्या पाण्यात पोहोचला आणि उजनीसारख्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागला. खरखरीत कवचामुळे तो जाळी फाडतो आणि त्याला बाजारात भावही नाही. असा मासा दुकानाला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी पालकाकडे सोपवावा.

पक्ष्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न आरोग्याचा नाही, कायद्याचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडचा हिरवा राघू, तुईया, पहाडी मैना असे देशी पक्षी पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. घराघरांत 'विठू विठू' करणारा पोपट पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, पण तो रानातल्या ढोलीतून पिल्लू असतानाच उचललेला असतो. त्या प्रवासात किती पिल्ले मरतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. विदेशी पक्ष्यांतही सगळे मोकळे नाहीत. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा यांसारख्या, आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या यादीत असलेल्या जाती पाळायच्या तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजी आणि कॉकेटील हे मूळचे ऑस्ट्रेलियातले पक्षी त्या यादीत नाहीत आणि पिंजऱ्यातच पैदास झालेले असतात. घरी पाळण्यासाठी तेच योग्य. आपल्याकडे बजीलाच सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले असून वेगळे आहेत.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीने मोठा असावा, कारण पक्षी आडवा उडतो. बजीच्या जोडीसाठी निदान अडीच फूट लांबी आणि सळ्यांमध्ये १२ मिलिमीटरपेक्षा कमी फट असावी. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या एकसारख्या जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकाव्यात. दिवसभर पायाच्या त्याच जागेवर भार पडून तळवे सुजतात आणि त्यांना जखमा होतात. पेरू, कडुनिंब किंवा शेवग्याच्या, फवारणी न झालेल्या, कमी-जास्त जाडीच्या फांद्या धुऊन लावाव्यात. पिंजऱ्याला गंज किंवा सुटणारा जस्ताचा थर असेल तर तो बदलावा, कारण पोपट कुळातले पक्षी सळ्या चावतात आणि जस्ताची विषबाधा होते. पक्षी खोलीत मोकळा सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा आणि खिडकीच्या काचेवर पडदा ओढावा.

पक्ष्याचा श्वास हा त्याच्या आरोग्याचा सर्वांत नाजूक धागा. बहुतेक पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या नऊ वायुपिशव्या असतात. त्यांच्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसांतून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा भरपूर ऑक्सिजन असा मिळतो, पण हवेतले विषही त्याच वेगाने रक्तात उतरते. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते याच कारणाने. घरात ही खाण म्हणजे स्वयंपाकघर. गॅसवर रिकामे तापत राहिलेले नॉनस्टिक भांडे २८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की त्यातून पक्ष्यांना मारक वायू सुटतो. माणसाला वास जाणवण्याआधीच शेजारच्या खोलीतला बजी दगावू शकतो आणि त्यावर उपचारासाठी वेळच उरत नाही. त्यामुळे पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी ठेवूच नये. मिरचीच्या फोडणीचा ठसका, उदबत्ती-धूप, डासांची कॉइल, सिगारेट, नवा रंग, कीटकनाशकाचा फवारा हे सगळे पक्ष्यापासून लांब ठेवावेत. घरात पेस्ट कंट्रोल करायचे असेल तर पक्ष्याला काही दिवस दुसऱ्या घरी हलवावे. दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत घ्यावा, कारण फटाक्यांचा आवाज आणि धूर हे दोन्ही घातक असतात.

अन्नाच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे वाटीभर राळे किंवा मिश्र दाणे ठेवून दिले की काम झाले असे मानणे. नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते, आयोडीनही पुरत नाही आणि सूर्यफुलाच्या बियांसारख्या तेलकट दाण्यांनी यकृतावर चरबी चढते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने नाक, घसा आणि श्वासनलिकेचे अस्तर बिघडते आणि वारंवार सर्दीसारखी लक्षणे दिसतात. राळे, बाजरी यांच्या जोडीला रोज कोथिंबीर, मेथी, पालक, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर द्यावे. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवावा, तो चोचीलाही उपयोगी पडतो. दाण्यांवर वाढलेला पक्षी पहिले काही दिवस भाजीला तोंड लावत नाही. अशा वेळी उपाशी न ठेवता चिकाटीने रोज ताजा पाला अडकवत राहावे. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि खारट फरसाण कधीही देऊ नये. दाण्याच्या वाटीवर साचलेली टरफले फुंकून काढावीत. वाटी भरलेली दिसते, पण आत दाणाच नसतो आणि पक्षी उपाशी राहतो. पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

पिंजऱ्यात घरट्यासाठी मडके लावले की बजीची मादी अंडी घालत राहते. एकामागून एक विणी होऊ दिल्या तर तिच्या हाडांतले कॅल्शियम संपते आणि अंडे आत अडकते. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पंख सैल सोडून बसलेली, शेपटी खाली-वर करत कुंथताना दिसली तर ही तातडीची अवस्था आहे. तिला उबेत ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे, पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. वर्षात दोन विणींनंतर मडके काढून ठेवणे चांगले.

निसर्गात अशक्त दिसणारा पक्षी शिकारी प्राण्यांच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो. पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसलेला पक्षी गाढ झोपलेला वाटला तरी तो आजारी असण्याची शक्यता जास्त असते. निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत हिरवट वा तपकिरी मळ, पांढरा भाग आणि थोडे स्वच्छ पाणी असे तीन घटक वेगळे दिसतात. पिंजऱ्याच्या तळाशी साधा कागद अंथरून तो रोज पाहून बदलला तर बदल लगेच कळतो. याहून भरवशाचे साधन म्हणजे ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर आठवड्याला त्याच वेळी वजन करून लिहून ठेवावे. बजीचे वजन ३० ते ४० ग्रॅम असते, म्हणजे चार ग्रॅमची घट हीसुद्धा गंभीर घट आहे. चोचीभोवती आणि पायांवर चुन्यासारखे खडबडीत थर दिसले तर ते सूक्ष्म माइट्समुळे असतात आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने पूर्ण बरे होतात.

पाळणाऱ्यांनाही थोडी सावधगिरी हवी. पोपट कुळातल्या पक्ष्यांकडून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार माणसाला होऊ शकतो. सुकलेली विष्ठा झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पक्षी असलेल्या घरात ताप आणि कोरडा खोकला लांबला तर डॉक्टरांना पक्ष्याची गोष्ट आवर्जून सांगावी. टाकीच्या पाण्यातल्या एका जीवाणूमुळे हाताच्या जखमेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात, म्हणून बोट कापलेले असताना टाकीत उघडा हात घालू नये.

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, तसेच परळ आणि नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये या ठिकाणी प्राण्यांवर उपचार होतात. इतर गावांत पक्षी तपासणारा पशुवैद्य कोठे आहे याची चौकशी पक्षी घरी आणण्यापूर्वीच करून ठेवावी. जखमी देशी पक्षी सापडला तर तो घरी न ठेवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि घरचा पक्षी पिसे फुलवून बसला, खाणे सोडले, तर उद्या पाहू असे म्हणू नये. इतक्या लहान शरीरात उपासाचे एक-दोन दिवसही निभत नाहीत, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.